मेव्हिसबाईंच्या आवाजातला खुनी

डोंगरी खोऱ्यातल्या थॉर्नगिल गावच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात मेव्हिस थ्रेलफॉल यांनी उभं आयुष्य पुकारा करण्यात घालवलं. आरोपीचं नाव, साक्षीदाराचं नाव, मग "उठा", मग "बसा". त्यांचा आवाज असा खणखणीत की बाहेरच्या बाकावर पेंगणारा माणूस दुसऱ्याचं नाव ऐकूनही ताडकन उभा राहायचा. पुढे सरकारने ते कोर्टच बंद केलं, खटले लांबच्या शहरात गेले आणि बाई निवृत्त झाल्या. आवाज मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हता. नवरा होता तोवर त्याने तो बिनतक्रार ऐकला. तो गेल्यावर घरात ऐकायला कुणी उरलं नाही, तेव्हा बाई मेथडिस्ट पंथाच्या चॅपलच्या मागच्या खोलीत अंधांसाठी पुस्तकं वाचायला जाऊ लागल्या.

खोली म्हणजे एके काळचं कोठार. भिंतींना जुनी ब्लँकेटं ठोकलेली, टिकटिक नको म्हणून घड्याळ काढून ठेवलेलं, आणि खिडकीखालून बस चढाला लागली की वाचन थांबवायचं. यंत्र सांभाळायला कीथ ऑल्डरसन. हा टेलिफोन खात्यातून लवकर बाहेर पडलेला, बायकोच्या पायात पायात येऊ नये म्हणून तिनेच इकडे पिटाळलेला भला माणूस. पुस्तक वाचून झालं की कीथ ते पेन ड्राइव्हवर घाली, पेन ड्राइव्ह पिवळ्या पाकिटात, आणि पोस्टमन ती पाकिटं खोऱ्यातल्या घराघरांत टाकी. ऐकून झालं की पाकीट त्याच वाटेने परत येई.

वाचायचं काय, यावर सुरुवातीला हे काम चालवणाऱ्या कमिटीची मतं होती. कमिटी म्हटली की मतं आलीच. त्यांनी बाईंकडून एका राजकारण्याचं आत्मचरित्र वाचून घेतलं, ते न ऐकताच परत आलं. नव्या पद्धतीचं एक रक्तबंबाळ पुस्तक वाचून घेतलं, तेही आलं. सोबत एका आजींचा निरोप होता की जेवताना ऐकण्यासारखं काहीतरी पाठवा. त्यांना हवी होती ती दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली खुनाची पुस्तकं. मोठा वाडावजा बंगला, बाहेर बर्फ, दिवाणखान्यात एक प्रेत, आणि घरातल्या प्रत्येकाकडे लपवण्यासारखं काहीतरी.

लोक हसतात अशा पुस्तकांना. हसोत बापडे. खोऱ्यातल्या अंधांनी त्यांतली गोम बरोबर ओळखली होती. या पुस्तकांत डोळ्यांचं काही काम नसतं. दार आतून बंद होतं, कपातला चहा गोड होता, मोलकरणीला जिन्यावर पावलं ऐकू आली. जे काही आहे ते लेखक तुमच्यापुढे मांडून ठेवतो आणि म्हणतो, ओळखा. तिथे डोळस आणि आंधळा दोघेही सारखेच अंधारात असतात. शिवाय शेवटी सगळी मंडळी दिवाणखान्यात जमतात आणि कोण खरं बोललं, कोण खोटं, याचा निवाडा होतो. मेव्हिसबाईंनी कोर्टात इतकी वर्षं काढली, पण इतका स्वच्छ निवाडा त्यांना एकदाही पाहायला मिळाला नव्हता. म्हणून त्यांचाही या पुस्तकांवर जीव.

बाई कामाला चोख. रेकॉर्डिंगच्या आधी पुस्तक दोनदा वाचायच्या. श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीची रेघ. कर्नलला घसा खरवडलेला आवाज, पाद्रीबाबांना नाकातला, मोलकरणीला घाईचा. मेजरचा आवाज एकदा ठरला की शेवटच्या पानापर्यंत इकडचा तिकडे होणार नाही. आपल्याइतकं चांगलं हे काम खोऱ्यात कुणी करत नाही, असं त्यांना वाटे, आणि ते खरंच होतं. पण त्याचं मानधन त्या एकाच माणसाकडून वसूल करत. हर्बर्ट डिन्सडेल, खोऱ्याच्या वरच्या अंगाचा मेंढ्या पाळणारा शेतकरी, साठीत दृष्टी गेलेला. प्रत्येक पुस्तक संपलं की तो फोन करून दोन शब्द बोलायचा. डिन्सडेल फुकटचं कौतुक करणाऱ्यांतला नव्हता, म्हणून ते दोन शब्द बाईंना आठवडाभर पुरायचे.

दर सप्टेंबरात चॅपलच्या हॉलमध्ये या सगळ्या श्रोत्यांचा चहा असतो. हॅमचे सँडविच, स्कोन नावाचे गोडसर पाव, जाम, साय, आणि स्कोनवर आधी जाम लावायचा की साय यावरून दरवर्षीचा तोच वाद. त्या वर्षी ऑड्रे स्विनबँक नावाची नवी बाई आली होती. वसंतात तिची नजर गेली होती आणि उन्हाळाभर तिने मेव्हिसबाईंची पुस्तकं ऐकली होती. दक्षिणेकडून इथे राहायला आलेली, त्यामुळे इथल्या लोकांच्या गप्प राहण्याचा तिला अजून सराव नव्हता. तिने चाचपडत बाईंचा हात धरला आणि अगदी मनापासून आभार मानले.

"आणि ते खुन्याचं तुम्ही किती छान करता हो," ती म्हणाली. "आवाजातच कळतं ना लगेच. मला वाटलं, आम्हाला दिसत नाही म्हणून मुद्दाम सोपं करून वाचत असाल."

हॉलमधले चमचे थांबले. मग कुणीतरी स्कोन यंदा हलके झालेत म्हणालं, कुणीतरी मेंढ्यांच्या बाजाराला पाऊस गाठणार का ते विचारलं, आणि सगळे एकदम बोलू लागले. थॉर्नगिलमध्ये इतके लोक एका वेळी बोलतात ते फक्त काहीतरी झाकायचं असेल तेव्हा. कोर्टातल्या बाईला एवढं कळायला वेळ लागला नाही. इथल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. पहिल्या पुस्तकापासून ठाऊक होतं. आणि सभ्यपणापायी एकानेही तोंड उघडलं नव्हतं.

बाई घरी आल्या, कोट न काढताच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या आणि त्यांनी स्वतःचं एक पुस्तक ऐकलं. इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं; स्वतःचाच आवाज कोण ऐकतं? वकील बोलला, ठीक. विधवा बोलली, ठीक. मग तो पुतण्या बोलला, हसरा, उधळ्या, ज्याने शेवटी विष घातल्याचं निघतं, आणि बाईंचा आवाज मऊ पडला. अगदी थोडासा. वाक्याच्या शेवटी जरा खाली उतरलेला. त्यांनी दुसरं पुस्तक लावलं. तिथे ती गोड बोलणारी आत्या, आणि पुन्हा तेच.

तो आवाज त्यांना ओळखीचा होता. कोर्टाच्या व्हरांड्यात, ज्याला शिक्षा होणार हे आत ठरल्यात जमा आहे त्याला बोलवायची वेळ आली की त्या पुकारा करत नसत. जवळ जाऊन सांगत, "चला, आपला नंबर आला." त्या पुस्तकांतला खुनी शेवटी फासावर जायचा असतो, आणि पहिल्या पानापासून हे एकट्या बाईंनाच माहीत असे. दोनदा वाचलेलं ना! म्हणून तो चहाला साखर मागत असला तरी त्या त्याच्याशी आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारख्या बोलत.

आपली एवढीशी माया आपल्या नकळत सगळ्या खोऱ्याला वाटली गेली, याची बाईंना लाज वाटली आणि संतापही आला. संताप जास्त. दुसऱ्या दिवशी त्या बसने वरच्या अंगाला गेल्या आणि डिन्सडेलच्या दारात उभ्या राहिल्या.

डिन्सडेल अंगणात कुत्रीला ब्रश करत बसला होता. त्यांची पावलं ऐकून त्याने ब्रश खाली ठेवला. कुठून सुरुवात करावी हे बाईंनी वाटेत ठरवलं होतं, ते सगळं बाजूला राहिलं.

"तुम्हालाही कळत होतं?"

"कळत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तो धाकटा भाऊ होता बघा, घोड्यांवाला. मी तिसऱ्या प्रकरणात म्हटलं, हाच."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तुम्ही वाचायचं सोडलं असतंत, बाई," डिन्सडेल म्हणाला. "तसल्या आहातच तुम्ही."

हे अगदी खरं होतं. मग त्यांनी तेच करून दाखवायचं ठरवलं. आपण सोडतोय, कमिटीला दुसरं कुणी मिळेल, असं त्यांनी जाहीर केलं. गावातल्या बँकेच्या निवृत्त मॅनेजरला केव्हाची हौस आहे, तो वाचील.

"तो?" डिन्सडेल म्हणाला. "तो नोटा मोजल्यासारखा वाचतो. त्यापेक्षा मी कुत्रीशी बोलेन." मग त्याने कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवला. "ती नवी बाई काल म्हणाली ते तुम्हाला लागलं. मला तुमच्यापेक्षा जास्त लागलं. सोपं करून वाचता म्हणे. मला सोपं नकोय. या पुस्तकांचा सगळा जीव फसण्यात आहे, आणि मी एकदाही फसलेलो नाही. म्हातारा झालोय आता. एकदा फसवा मला. मग खुशाल सोडा."

तो मागतो आहे ते साधं नाही, हे बाईंना त्याच्या आवाजावरून कळलं. परतीच्या बसमध्ये त्यांनी सोडण्याचा विचार सोडून दिला. हर्बर्ट डिन्सडेलला फसवायचं, आणि तेही चोख.

पहिला प्रयत्न सरळ होता. त्यांनी एक पुस्तक घेतलं आणि निर्धाराने सगळ्यांना सपाट आवाजात वाचलं. कीथ हेडफोन लावून ऐकत होता, त्याचा चेहरा लांब होत गेला. रेल्वेचं वेळापत्रक वाचल्यासारखं वाटतंय, असं तो भीत भीत म्हणाला. बाईंनी दुर्लक्ष केलं. पाकिटं गेली. डिन्सडेलचा फोन आला: खुनी डॉक्टरची सेक्रेटरी, बरोबर? सगळे सपाट होते, पण तिच्या वाट्याला बाईंनी इतका जोर लावून सपाटपणा आणला होता की ती कपाळावर चिठ्ठी लावून फिरत होती.

दुसऱ्या वेळी त्यांनी हुशारी केली. खुन्याला राकट वाचलं आणि एका निरपराध माळ्याला मुद्दाम मऊ. त्यावर ऑड्रे स्विनबँकचा निरोप आला की या वेळी तुम्हाला सर्दी झाली होती का, तो माळी फारच विचित्र बोलत होता. खोटी माया त्या लोकांना अर्ध्या पानात कळत होती. त्यांच्याकडे ऐकण्याशिवाय दुसरं कामच नव्हतं.

तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की आवाज लपवून भागणार नाही. माहिती असली की ती आवाजात उतरणारच. मग माहितीच नको. न वाचलेलं पुस्तक, आधी एक पानही न चाळता, सरळ यंत्रासमोर बसून वाचायचं.

बोलायला सोपं. पेन्सिलीच्या रेघेशिवाय वाचणं बाईंना गाऊनवर बाजारात जाण्याइतकं लाजिरवाणं होतं. शिवाय त्या काळातलं त्यांनी न वाचलेलं पुस्तक आणायचं कुठून? गावातल्या लायब्ररीतलं ते अख्खं कपाट त्यांनी तीनदा संपवलेलं. शेवटी कीथला दुसऱ्या गावच्या आठवडी बाजारात एका खोक्याच्या तळाशी एक पुस्तक सापडलं. लेखक असा विसरलेला की बाईंनी नावही ऐकलं नव्हतं. कीथने ते त्यांच्या हातात दिलं नाही. घरी ठेवलं, स्वतः वाचलं नाही, आणि शेवटच्या प्रकरणाच्या पानांना कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावून टाकले. वाचनाच्या दिवशी पुस्तक यायचं, वाचन झालं की परत जायचं. बाईंना हे अपमानाचं वाटलं आणि बरंही वाटलं.

पहिलाच दिवस फजितीचा. वाड्याचा माळी आला, बाईंनी त्याला खर्जातला आवाज दिला, आणि पुढच्याच पानावर लेखक म्हणाला की माळ्याचा आवाज चिमणीसारखा किरटा होता. कीथने यंत्र थांबवलं, पुन्हा घेऊ या म्हणाला.

"नको. राहू दे."

"पण चूक ऐकू येईल ना, मिसेस थ्रेलफॉल."

"येऊ दे. मला जसं कळत जाईल तसं त्यांना कळू दे. आता मीही त्यांच्याच बाकावर बसले आहे."

आणि वाचता वाचता बाईंना ते होऊ लागलं जे कित्येक वर्षांत झालं नव्हतं. त्या गोष्टीत अडकल्या. वाड्याची म्हातारी मालकीण मेली होती. खोलीत कोण गेलं असेल, औषधाची बाटली कुणी हलवली, या विचारात त्या भाजी करपवू लागल्या. कीथही अडकला. चहाच्या सुट्टीत दोघे भांडू लागले. तो पुतणीचं नाव घेई, बाई त्याला वेड्यात काढत. त्यांचा संशय डॉक्टरवर होता. तरुण, हळवा, म्हातारीच्या मरणाने फार खचलेला डॉक्टर. कोर्टात असे पुष्कळ पाहिले होते त्यांनी. सहाव्या प्रकरणापर्यंत त्यांची खात्री झाली, आणि खात्री झाली तसा आवाज आपल्या जुन्या वाटेने गेला. डॉक्टर बोलायला लागला की बाई वाक्याच्या शेवटी खाली उतरत. त्यांना ते कळलं, आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं. या वेळी ते ढोंग नव्हतं.

घरातल्या नर्सवर मात्र त्यांचा राग होता. कडक, कोरडी, प्रत्येकाला टोचून बोलणारी बाई. तिचे संवाद त्या फटकारून वाचत.

शेवटच्या प्रकरणाचे चिमटे कीथने बाईंच्या समोर काढले आणि स्वतः हेडफोन घालून, पाय पोटाशी घेऊन बसला. मंडळी दिवाणखान्यात जमली. एकेक गाठ सुटू लागली. डॉक्टर त्या वेळी खालच्या गावात एका बाळंतपणाला होता, हे तीन माणसांनी सांगितलं, आणि बाई वाचता वाचता अडखळल्या. मग नर्स उठली.

पुस्तकात ती कबुली देताना एवढंच म्हणते की म्हातारीची आपण अकरा वर्षं सेवा केली, आणि इतक्या काळात एकदाही, या घरात एकदाही, कुणी आपल्याला खाली बस म्हटलं नाही. मेव्हिसबाईंनी ते वाक्य वाचायला घेतलं तेव्हा नर्सचा तो फटकारा तोंडात तयार होता. अर्ध्या वाक्यात तो त्यांना टिकवता आला नाही. ब्लँकेटं लावलेल्या त्या खोलीत थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. आपणही हिला अख्खं पुस्तकभर उभंच ठेवलं, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी उरलेलं वाक्य पूर्ण केलं, हळू, जसं येईल तसं, आणि पुस्तक संपवलं. खालून बस गेली तरी दोघांनी थांबवलं नाही.

कीथ म्हणाला, ती जागा कापून पुन्हा जोडता येईल. बाई म्हणाल्या, कापशील तर याद राख.

पाकिटं सोमवारी गेली. मग वाट पाहणं. बाईंनी खिडक्या पुसल्या, पडदे धुतले, फोनच्या आसपास काहीबाही काम काढत राहिल्या. फसला नसेल तर? कान तिखट आहेत त्याचे, नर्सच्या एखाद्या शब्दात त्याला काही सापडलं असेल तर? आपल्यासाठी आता दुसरा डाव नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. असं न वाचलेलं पुस्तक पुन्हा मिळणार नव्हतं.

गुरुवारी दुपारी फोन वाजला.

"डिन्सडेल बोलतोय."

"बोला."

पलीकडे कुत्री फरशीवर नखं वाजवत फिरत होती तेवढं ऐकू आलं.

"डॉक्टर नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता."

"मी शपथ घेऊन सांगत होतो कुत्रीला. डॉक्टर, डॉक्टर. इतकं हळू बोलत होतात तुम्ही त्याच्याशी."

"मलाही तोच वाटला होता," बाई म्हणाल्या. "मी पुढचं वाचलंच नव्हतं, मिस्टर डिन्सडेल. तुमच्यासोबतच वाचलं."

"ती नर्स उभी राहिली तेव्हा मीही खुर्चीतून उठलो. टेबल आडवं आलं, गुडघा फुटलाय." तो हसला, आणि ते हसणं मध्येच कुठेतरी बदललं. "तुम्हाला सांगतो बाई. माझे डोळे गेले त्या दिवसापासून मला कुणी फसवलेलं नाही. बाजारातला दलाल, ज्याने माझ्या बापाला फसवलं, मला फसवलं, तोसुद्धा आता भाव खरा सांगतो. भाऊ पत्त्यांत मुद्दाम हरतो. वाटतं त्याला, मला कळत नाही. सगळे जपतात हो. इतके जपतात की मी आहे की नाही असं वाटायला लागतं." तो थांबला. "तुम्ही मला आज धडधडीत फसवलंत. धडधाकट माणसाला फसवावं तसं."

मेव्हिसबाईंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. सगळ्या कोर्टाला उठवणाऱ्या त्या आवाजातून हुंदका निघाला. त्या रडत होत्या, आणि कानांनीच जग पाहणाऱ्या माणसापासून ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. डिन्सडेलने फोन ठेवला नाही. तो ऐकत राहिला.